सोमवारचे दोन मेल

प्रिय ऑडिटरबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते तुला कळलंच असेल. इतकं तिरकं अक्षर पृथ्वीवर दुसऱ्या कोणाचं नाही, असं तूच एकदा माझी सामानाची चिठ्ठी वाचताना म्हणाली होतीस. चार ओळी फोनवरून टाकता आल्या असत्या. पण माझ्या फोनवरून गेले काही सोमवार तुझ्याकडे जे काय जातंय, त्यात या चार ओळी मिसळायला नको होत्या. म्हणून टेबलावरचा पसारा बाजूला सारून आणि तुझ्या एकेकाळच्या सासूला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगून लिहायला बसलोय. तिने तो कमी केलेला नाही.

तर आधी त्या सोमवारांबद्दल. सकाळी तुला माझ्या खात्यावरून एक मेल येतो, क्रिप्टोची ठरलेली ऑर्डर लागली म्हणून. दुपार व्हायच्या आत दुसरा येतो, तीच ऑर्डर रद्द झाली म्हणून. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तुझ्या मनात काय काय आलं असेल याचा मी अंदाज केला. एक तर म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. नाहीतर खातं कुणा चोराच्या हाती लागलं. या दोन्हींतलं काही झालेलं नाही. तिसरंही काही मनात येण्यासारखं आहे आणि मला धास्ती त्याचीच आहे. त्यावर येतो, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे.

सुरुवात तूच केलीस, त्यामुळे ती तुला सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण मला ती आठवायला आवडते. मी नुकताच रिटायर झालो होतो. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं, आता घरात बसून करायचं काय ते कळत नव्हतं. त्यात आमच्या कंपनीतला नफाशेठ रोज येऊन डोकं खायचा. त्याचं खरं नाव तुला कधी कळलंच नाही, तू त्याला तोंडावर नफाशेठ म्हणायचीस आणि तो खूश व्हायचा. त्याने क्रिप्टोत पैसे घातले होते, ते वाढले होते, आणि नातवंडांचे फोटो दाखवावेत तसे ते आकडे तो फोनवर दाखवत फिरायचा. मलाही चढली. फंडाचे जे पैसे हातात आले होते ते सगळे त्यात टाकणार, असं मी एकदा जेवताना जाहीर केलं. ही ताटावरून उठली. चिरंजीव भांडायला लागले. तू मात्र शांतपणे जेवलीस, हात धुतलेस, माझा फोन मागून घेतलास आणि माझ्या शेजारी येऊन बसलीस. ॲप घातलंस आणि दर सोमवारी आपोआप थोडीशी खरेदी होईल अशी ऑर्डर लावून दिलीस. थोडीशी म्हणजे किती, तर दोन माणसांनी बाहेर कॉफी प्यायली तर जेवढे जातील तेवढी. वर मला समजावलंस की मुरलेली माणसं अशीच घेतात, एकदम उडी मारत नाहीत. मीही मुरलेला माणूस झालो या आनंदात गप्प बसलो.

खात्याला मेल मात्र तू तुझा जोडलास. म्हणजे मी गुपचूप मोठी रक्कम घातलीच तर पहिल्यांदा तुला कळलं असतं. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. नफाशेठ हल्ली नफ्याचं नाव काढत नाही. आमचे पैसे बँकेत सुखरूप आहेत, आणि त्याचं सगळं श्रेय ही अजूनही आपल्या ताटावरून उठण्याला देते.

पुढे तुम्हा दोघांचं जे झालं ते झालं. त्यावर मी तेव्हा बोललो नाही, आताही बोलणार नाही. पण एक गोष्ट मला लागली होती, ती आज सांगून टाकतो. तुम्ही सह्या केल्यात, सामान वाटून घेतलंत, भिंतीवरचं घड्याळ कोणी न्यायचं यावरसुद्धा बोलणं झालं. मी कोणाकडे जायचं हे कोणी विचारलं नाही. मी मुलाच्या वाटणीला गेलो असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि तूही धरून चाललीस. तू या घरात आलीस ती त्याच्यामुळे, हे मला मान्य आहे. पण बंद पडलेला पंखा जमिनीवर पसरून माझ्यासोबत खोलत बसायचीस, स्क्रू हरवला की ऑडिटरसारखी माझ्याकडेच संशयाने बघायचीस, त्यात त्याचा काही संबंध नव्हता. तो तर पंख्याच्या जवळही यायचा नाही.

तू गेलीस आणि ऑर्डर तशीच चालू राहिली. तू तुझा मेल काढून घेतला नाहीस, मी बदलायला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी माझा फोन एकदा वाजायचा आणि मला कळायचं की तुझाही वाजला. एवढंच आपलं उरलं होतं. ही वरकरणी तुझं नाव काढत नव्हती, पण सोमवारी चहा देताना न चुकता विचारायची, आलं का. काय आलं ते कधी म्हणायची नाही.

आमच्या कामात सोमवारची एक पद्धत होती, तुला सांगितली होती की नाही आठवत नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर दाबायची जी घंटा असते, ती दर सोमवारी सकाळी वाजवून बघायची. कोणी अडकलेलं नसताना वाजवायची, म्हणजे अडकेल तेव्हा ती नक्की वाजेल. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर साफसफाईच्या बाई होत्या. त्या घंटेला इतक्या सरावल्या होत्या की घंटा झाली की बादली भरायला घ्यायच्या. एकदा मी तापाने घरी पडलो आणि घंटा झाली नाही. बाईंनी कंपनीला फोन करून विचारलं, लिफ्टवाल्याला काय झालंय. लिफ्टला नाही, लिफ्टवाल्याला. घरच्यांखेरीज माझ्यासाठी कोणी असा फोन केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

म्हणजे, तू विचारेपर्यंत. तू गेल्यावर एकदा पेन्शन उशिरा आली, खात्यात पैसे कमी पडले, ऑर्डर फेल झाली, आणि त्याच दिवशी तुझा मेसेज. ऑर्डर फेल झाली आहे, सगळं ठीक आहे ना, एवढाच. मी लिहिलं, ठीक आहे, पेन्शन उशिरा. तू लिहिलंस, बरं. पुढेही असं एकदोनदा झालं आणि दर वेळी तू विचारलंस. तुझ्या मेसेजला वर कधी काही नाव नसायचं. बाबा लिहायचं की आणखी काही, हे तुझं ठरत नसणार, म्हणून तू सरळ मजकुरापासून सुरुवात करायचीस. मला ते समजत होतं. मीही तुला ऑडिटर लिहीत नव्हतो.

आणि मग तुझा तो मेसेज आला. ऑर्डर फेल झालेली नसताना आलेला पहिलाच. तू पुन्हा लग्न करतेयस, रजिस्ट्रारच्या ऑफिसात, मोजकी माणसं बोलावलीयस. आम्ही दोघं आलो तर तुला फार बरं वाटेल, नाही जमलं तरी तू समजून घेशील. आणि सगळ्यात वर, इतक्या काळाने, बाबा असं लिहिलं होतंस. मी हिला वाचून दाखवला. हिने पुन्हा वाचायला लावला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी सगळी घासून झालेली होती.

इथे मी जे केलं ते तुला दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळेल, कारण तू मला काम करताना बघितलं आहेस. आमच्यात शिकवलेलं असतं की आधी मेन बंद करायचा, मग आत हात घालायचा. काम पुरं होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. मला वाटलं, पोर नवा संसार मांडतेय, तिथे दर सोमवारी जुन्या सासऱ्याच्या कॉफीएवढ्या खरेदीचा मेल कशाला जायला हवा. तिच्या नवऱ्याने बघितला तर तिने काय सांगायचं. तेव्हा आधी ही ऑर्डर बंद करू, तिला मोकळं करू, आणि मग येतो म्हणून कळवू. माझ्या मनात ही माझी तुला लग्नाची भेट होती. मेन स्विच बंद करून कोणी कोणाला भेट देत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

लावायची कशी ते तू दाखवलं होतंस, बंद करायची कशी ते दाखवलं नव्हतंस. दरम्यान ॲप तीनदा बदललं, बटणं जागची हलली. नफाशेठला विचारलं तर तो म्हणाला की हल्ली बटणं कोणी शोधत नाही, एआयचा एजंट असतो, त्याला साध्या भाषेत लिहायचं, तो खात्यात जाऊन काम करून येतो. एजंट ऐकून हिला वाटलं विम्याचा, घरी येणार, म्हणून तिने एक कप जास्तीचा काढून ठेवला. परवानग्या देताना मात्र मी तुझी शिकवण विसरलो नाही. एकेक ओळ चष्मा लावून वाचली. ऑर्डर बघायला हो, लावायला आणि रद्द करायला हो, पैसे बाहेर पाठवायला साफ नाही. तुला बरं वाटलं असतं.

मग मी त्याला लिहिलं, माझी सोमवारची ऑर्डर रद्द करा. ऑर्डर सकाळी लागते आणि बँकेतून पैसे पोचले की दुपारी खरेदी होते, तेवढ्या वेळात त्याने ती रद्द केली. खाली आणखी काहीतरी विचारलं होतं, पण काम झालेलं दिसल्यावर मी पुढे वाचलं नाही. पुढच्या सोमवारी सकाळी ऑर्डर पुन्हा हजर. मी वैतागलो. त्याला खरमरीत लिहिलं की हे मला दर आठवड्याला सांगायला लावू नका, सोमवारी ऑर्डर आली की आपलं आपण रद्द करत जा. त्याने नम्रपणे होकार दिला आणि अक्षरशः तेच करायला लागला. म्हणजे बघ, मी त्याला ऑर्डरची मालिका बंद करायला सांगितलंच नव्हतं. तू लावलेली ऑर्डर दर सोमवारी उगवत होती, आणि मी नेमलेला एजंट दर सोमवारी ती छाटत होता. दोघंही आपापलं काम चोख करत होते. एकाने लिफ्ट बोलवायची आणि दुसऱ्याने दार उघडायच्या आत परत पाठवायची, असला प्रकार.

मला फक्त एवढं कळत होतं की फोन अजून वाजतोय, म्हणजे काम अजून झालेलं नाही. मी एजंटला विचारायचो, रद्द केलीत का. तो म्हणायचा, केली. खोटं बोलत नव्हता. मग मी आणखी हट्टाला पेटलो. दोष सापडल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठल्याशिवाय तुला उत्तर लिहायचं नाही. तुझ्या लग्नाची तारीख जवळ येत होती आणि मी ॲपची मदत-पानं वाचत बसलो होतो.

परवा ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने सहज विचारलं, हे मेल तिकडे पण जातात ना. मी म्हटलं, जातात की, पहिल्यापासून. त्यावर तिने जे मांडलं ते मी मांडायला हवं होतं. पोरीने जीव मुठीत धरून लग्नाला बोलावलं. तुम्ही एका अक्षराने उत्तर दिलं नाही. आणि तिचा मेसेज आल्यापासून दर सोमवारी तुमच्याकडून तिला काय जातंय, तर रद्द. पुन्हा रद्द. पुन्हा रद्द. वर मला सुनावलं की तुम्हाला वर आणि खाली या दोनच गोष्टी कळतात, मधलं काही कळत नाही. एरवी मी उलटून बोललो असतो. या वेळी मी तुझे जुने मेसेज काढून बघितले. ऑर्डर पैशांअभावी फेल झाली तर त्याच दिवशी विचारणारी तू, या रद्द झालेल्या ऑर्डरींबद्दल एकदाही विचारलं नव्हतंस. मला वाटत होतं तू कामात असशील.

तर ते तिसरं हे. तू असं समजली असशील की म्हाताऱ्याने आपलं उत्तर दिलं, आणि तेही तोंडाने न देता यंत्राकडून देववलं. तसं नाही, बाई. मला तुझ्या लग्नाचा आनंद झाला आहे. पहिल्या वाचनाला झाला, दुसऱ्या वाचनाला जास्त झाला. मला तो लिहायला उशीर झाला, आणि त्या उशिरात माझ्या नावाने तुझ्या दारावर दर आठवड्याला नकार पडत राहिला, याचं मला फार वाईट वाटतंय.

चिरंजीवांनाही सांगितलं. लपवून जायचं वय नाही माझं. फोनवर त्याने आधी तारीख विचारली. मग म्हणाला, जा. मग म्हणाला, तो तपकिरी कोट घालून जाऊ नका, तिला तो कधीच आवडला नाही. हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तू तो इस्त्री करून देत होतीस आणि बोलली नाहीस. कोट आता नफाशेठला दिलाय, त्याला तो छान बसतो.

काल सकाळी मी एजंटला नीट, पहिल्यापासून सगळं लिहिलं. या वेळी त्याचं उत्तर शेवटपर्यंत वाचलं. त्याने सांगितलं की दोन गोष्टी चालू आहेत, एक दर आठवड्याची खरेदी आणि एक दर आठवड्याचं रद्द करणं, दोन्ही कायमचं थांबवू का. थांबवलं तर खात्याला जोडलेल्या मेलवर सगळं बंद झाल्याची एक शेवटची सूचना जाईल, असंही म्हणाला. हो म्हणा, करतो. मी हो म्हटलं नाही. माझ्याकडून तुला जाणारा शेवटचा मेल सगळं बंद झाल्याचा असावा, हे मला पटेना. मी त्याला एवढंच सांगितलं की आजपासून रद्द करायचं थांबवा आणि खरेदीला हात लावू नका. तेवढं त्याने केलं.

म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी तुला एकच बातमी येईल, ऑर्डर लागली अशी. तिच्यामागून दुसरं काही येणार नाही. ते माझं उत्तर समज. आम्ही दोघं लग्नाला येतोय, हिने पादत्राणंसुद्धा नवी घेतली आहेत आणि ती घरात घालून फिरते आहे. आता ऑर्डर बंद करायचंच म्हणशील, तर ते मी एकटा करणार नाही. तू लावलीस, तूच बंद कर. सह्या झाल्या की बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी घटकाभर बस, मी फोन देतो, तुझ्या हाताने हो दाब. तुझ्या नवऱ्यालाही बोलाव, त्याला कळू दे की बायको कोणाकोणावर नजर ठेवून होती. त्यानंतरच्या सोमवारी तुझ्याकडे काहीच येणार नाही. सवयीने तुझं लक्ष फोनकडे जाईल, तिथे काही नसेल, आणि त्या साफसफाईच्या बाईंच्या मनात आलं तेच तुझ्या मनात येईल. ते आलं की फोन कर. पेन्शन वेळेवर आलेली असली तरी कर. सोमवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझाच,
आणि आधी तू लिहिलंस म्हणून आता मीही लिहितो,
बाबा